तारापुरास एक दिवस

जुनीं शहरें पाहण्याची हौस आपल्या सुशिक्षित वर्गांत आतां बरीच वाढली आहे, आणि ही गोष्ट इष्टच आहे. परंतु या हौसेला एक मर्यादा पडलेली दिसते. ऐतिहासिक स्थळ म्हटलें म्हणजे भव्य वेस, बुलंद तट, राजवाडा, तिकीट घेऊन आंत सोडणारा पहारेकरी आणि दारावर लाविलेला माहितीचा फलक एवढी सामग्री सिद्ध असलीच पाहिजे, असा आपला ग्रह होऊन बसला आहे. ही सामग्री जेथें नाहीं तें गांव हजार वर्षांचें जुनें असलें तरी आगगाडीच्या खिडकींतून मान वळवून त्याकडे कोणी पाहत नाहीं. मुंबईहून गुजराथेकडे जातांना पालघर व बोईसर हीं स्टेशनें लागतात. तेथें उतरून समुद्राकडे जाणारा मनुष्य बहुधा कारखान्यांतील कामगार, कचेरींत खेटे घालणारा पक्षकार, किंवा माहेरीं निघालेली लेक. केवळ पाहण्यासाठीं म्हणून तेथें कोण उतरतो?

आम्ही उतरलों तें एका पत्रामुळें. आमचे एक स्नेही नोकरीच्या निमित्तानें दक्षिण कोरियांत असतात. एका सुटीच्या दिवशीं ते ग्योंगजू नांवाच्या प्राचीन शहरीं जाऊन आले, आणि त्या सहलीची हकीकत त्यांनीं आम्हांस विस्तारानें लिहिली. ग्योंगजू ही सिल्ला राज्याची राजधानी. परंपरेप्रमाणें हें राज्य इसवी सनापूर्वीं ५७ या वर्षीं स्थापन झालें आणि इ. स. ९३५ मध्यें मावळलें. राजेराण्यांच्या समाधींचे हिरवळीनें झांकलेले प्रचंड उंचवटे तेथें भर शहरांत आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशीं लोक सहज फिरावयास येतात. परंतु स्नेह्यांस खरें नवल वाटलें तें समुद्रकांठच्या देखाव्याचें. इ. स. ६८१ मध्यें वारलेल्या मुनमू राजानें, मरणानंतर आपण नागरूप धारण करून किनाऱ्याचें रक्षण करूं, अशी इच्छा दर्शविली होती म्हणे. त्याची समाधि म्हणून दाखविला जाणारा खडक लाटांमध्यें उभा आहे, आणि तेथून थोड्याच अंतरावर वोल्सोंगचें अणुवीजकेंद्र आहे. ‘किनाऱ्याचा जुना रखवालदार आणि नवी अणुभट्टी असे शेजारीं शेजारीं आपल्याकडे कोठें पाहावयास मिळतील?’ असा प्रश्न पत्राच्या शेवटीं होता.

उत्तर सांपडण्यास फार विचार करावा लागला नाहीं. आमचे मामा जन्मभर शाळेंत इतिहास शिकवीत आले. पत्र ऐकतांच ते म्हणाले, “तारापूर. आणि तेथें जाऊन येण्यास पारपत्रही लागत नाहीं.” तेव्हां पौष महिन्यांतील एका रविवारीं पहाटे मामा, आमचें कुटुंब, महाविद्यालयांत शिकणारी आमची कन्या व आम्ही असे चौघे जण डहाणूच्या लोकलनें निघालों.

विरार मागें पडलें म्हणजे या लोहमार्गाची तऱ्हाच बदलते. इमारतींची दाटी ओसरते, तिवरांची गर्द हिरवी झुडपें व खाजणांची ओली माती दिसूं लागते, आणि वैतरणेच्या पुलावर गाडी आली कीं डब्यांतील निजलेलीं माणसेंही खारा वारा लागून डोळे उघडतात. सफाळें, केळवें रोड अशीं स्टेशनें जातात. पश्चिमेस ताडामाडांची रांग, पूर्वेस धुक्यांत बुडालेले डोंगर, आणि मध्यें ही रुळांची रेघ. या रेघेच्या एका बाजूस वाडवळ, भंडारी, मांगेले यांचा समुद्रकांठ, तर दुसऱ्या बाजूस वारल्यांचा डोंगराळ मुलूख. एकाच जिल्ह्यांतील हीं दोन जगें सकाळच्या गाडींत मात्र एकाच बांकावर बसलेलीं असतात.

पालघर आज जिल्ह्याचें ठिकाण आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन हा जिल्हा झाला, आणि बोईसरच्या रस्त्यावर त्याच्या कचेऱ्यांच्या नव्या इमारती उभ्या राहिल्या. परंतु पालघरचा मोठेपणा या इमारतींहून जुना आहे. गांवाच्या मध्यभागीं पांचबत्ती म्हणून नाका आहे. तेथील हुतात्मास्तंभापाशीं आम्ही थांबलों. १४ ऑगस्ट १९४२ रोजीं ‘चले जाव’च्या चळवळींत आसपासच्या गांवांचे लोक कचेरीवर मोर्चा घेऊन आले, त्यांच्यावर गोळीबार झाला, आणि पांच जण कामास आले. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगांवचे गोविंद गणेश ठाकूर, पालघरचे रामचंद्र भीमाशंकर तिवारी, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी आणि सालवडचे सुकूर गोविंद मोरे. हीं नांवें वाचतांना एक गोष्ट मनांत भरते. प्रत्येक नांवाबरोबर एकेक गांव येतें. इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत ‘पालघर येथें गोळीबार, पांच ठार’ एवढीच ओळ मावते. येथें मात्र कोण आला आणि कोठून आला, हें कोणास विसरूं दिलेलें नाहीं. दर वर्षीं १४ ऑगस्टला लोक तेथें जमतात. नाक्यावरून भाजीच्या पाट्या व रिक्षा यांची जा-ये चालूच होती. मामांनीं चपला काढून नमस्कार केला, आणि आम्ही बोईसरची वाट धरली.

बोईसरचें वर्णन करण्यांत आम्ही फार वेळ दवडणार नाहीं. तारापूर औद्योगिक वसाहत म्हणून जिची ख्याति आहे ती वस्तुतः बोईसरच्या लगत पसरलेली आहे. रसायनें, औषधें, कापड व लोखंड यांचे कारखाने, त्यांचे उंच धुरांडे, आणि उत्तर हिंदुस्थानापासून ओरिसापर्यंतच्या भाषा बोलणारी कामगारांची गर्दी, हें सर्व येथें आहे. या वसाहतीनें हजारों घरांच्या चुली पेटविल्या. तिच्या सांडपाण्यानें खाड्या नासल्या, ही मांगेला समाजाची तक्रारही राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीच्या जोरावर दुसरी खोडून काढतां येत नाहीं.

पश्चिमेकडे वळलेला रस्ता जसजसा समुद्राजवळ येतो तसतशी हवा निवळते. वाड्या लागतात, बांबूंच्या मांडवांवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येऊं लागतो, आणि तारापूर हें गांव शांतपणें समोर येतें. किल्ला पोर्तुगीजांच्या अमदानींतला. तट अद्यापि बऱ्याच ठिकाणीं उभा आहे. त्याच्या सांध्यांत झाडांनीं मुळें रोविलीं आहेत, आणि आंत दरबारापेक्षां झाडीच अधिक आहे. ज्यांस राजवाडा पाहावयाचा असेल त्यांची येथें निराशा होईल. परंतु मामांनीं तटाकडे बोट करून जें सांगितलें, तें ऐकल्यावर कन्येनें उगारलेला छायाचित्राचा फोन खालीं घेतला.

इ. स. १७३७ पासून मराठ्यांनीं उत्तर कोंकणांत पोर्तुगीजांविरुद्ध युद्ध मांडलें होतें. येथून दक्षिणेस असलेल्या माहीमच्या किल्ल्यापुढें आरंभीं त्यांना हार खावी लागली. मग चिमाजीआप्पा स्वतः उतरले, आणि १७३९ च्या जानेवारींत माहीम घेऊन लागलेच तारापुरावर आले. सुरुंगांनीं तट फोडून मराठे आंत शिरले. किल्ल्यांतील शिबंदी अखेरपर्यंत लढली, आणि तिच्या शौर्याची कबुली विजयी चिमाजीआप्पांनींच दिली. या हल्ल्यांत पेशव्यांच्या अत्यंत विश्वासांतले बाजी भिवराव रेठरेकर धारातीर्थीं पडले. पुढें मे महिन्यांत वसई हातीं आली. वसईच्या विजयाचा अभिमान आपण शाळेपासून बाळगीत आलों आहों. परंतु त्या विजयाच्या खातेवहींत खर्चाच्या बाजूस तारापूरचें नांव लिहिलेलें आहे, तें पान आपण क्वचित् उघडतों.

युद्धाचा धुरळा बसल्यावर याच गांवांतून निराळ्या पराक्रमाचीं माणसें निघालीं. विकाजी व पेस्तनजी मेहरजी हे पारशी बंधु तारापूरचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हैदराबादच्या निजामाच्या राज्यांत त्यांची सावकारी एवढी मोठी होती कीं, औरंगाबादेस पाडलेला रुपया पेस्तनजींच्या नांवावरून ‘पेस्तनशाही’ म्हणून ओळखला जाई. त्यांच्या काळाची आठवण म्हणून पारशांची अग्यारी गांवांत आहे. एका लहानशा बंदरांतून निघून दूरच्या राज्याच्या तिजोरीस हात देणारीं हीं माणसें पाहिलीं म्हणजे ‘खेडें’ हा शब्द आपण किती सैलपणें वापरतों, हें ध्यानांत येतें.

तारापूरच्या खाडीपलीकडे चिंचणी. दोन्ही गांवांचीं नांवें जोडीनें घेण्याची येथें चाल आहे. या बाजूस दागिन्यांचे पोलादी साचे कोरणारे कुशल कारागीर आहेत. त्या धंद्यास येथें ‘डायमेकिंग’ म्हणतात. एका ओसरीवर भिंग डोळ्यास लावून तरुण कारागीर पोलादावर मोराची पिसें कोरीत होता. तें पाहण्यांत आमच्या कुटुंबाची अर्धी घटका आनंदांत गेली. परंतु आम्हांस चिंचणीस ओढून आणणारी वस्तु निराळी होती, आणि ती चिंचणींत दृष्टीस पडण्यासारखी नव्हती. ती म्हणजे १९५५ सालीं येथें सांपडलेले ताम्रपट.

डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनीं हे ताम्रपट वाचून प्रसिद्ध केले. त्यांतील सर्वांत जुना शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या कारकीर्दींतला आहे. त्या वेळीं हा किनारा संयान मंडलांत मोडत असे. संयान म्हणजे आजचें संजाण, गुजराथच्या हद्दींत गेलेलें आणि पारशांच्या परंपरेंत पवित्र मानलेलें. या मंडलाचा कारभार राष्ट्रकूटांनीं कोणाच्या हातीं दिला होता? एका ताजिकाच्या, म्हणजे अरबाच्या. त्याचें नांव ताम्रपटांत ‘मधुमति’ असें येतें. तें ‘मुहंमद’ या नांवाचें संस्कृत रूप होय, असें विद्वान् मानतात. त्यानें किनाऱ्यावरील बंदरांच्या अधिपतींना जिंकून तेथें आपले अधिकारी नेमले, असेंही ताम्रपट सांगतो. एवढें सांगून तो थांबला असता, तर इतर पराक्रमी पुरुषांच्या प्रशस्तींत आणखी एकीची भर, याहून त्याची किंमत अधिक झाली नसती.

परंतु तो पुढें जातो. या मधुमतीनें दोन प्रवाहांवर लोकांना विनामूल्य पार नेणारी नाव ठेविली, आणि एक अन्नसत्र चालविलें, तेथें साळीचा भात, कालवण व तूप फुकट मिळे. आणखी एक गोष्ट. अन्नैय नांवाच्या ब्राह्मणानें भगवती देवीचा मठ बांधला, तेव्हां त्या मठाच्या निर्वाहासाठीं या मुसलमान अधिपतीनें राष्ट्रकूट राजाच्या संमतीनें जमीन दिली. हाच त्या ताम्रपटाचा मुख्य विषय. ग्योंगजूच्या सिल्ला राज्याचे अखेरचे दिवस मोजले जात होते त्याच सुमारास, आपल्या या किनाऱ्यावर एक अरब अधिकारी एका देवीच्या मठाची व्यवस्था लावीत होता आणि वाटसरूंच्या पानावर तूप वाढलें जात होतें, ही गोष्ट आपल्यांपैकीं कितीकांस ठाऊक असेल?

त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं, शके ९५६ म्हणजे इ. स. १०३४ मध्यें, शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज यानें चिंचणीच्याच दुसऱ्या एका ताम्रपटांत मठास तेलाचा एक घाणा दिल्याची नोंद आहे. कशासाठीं? देवीपुढें दिवा जळावा म्हणून, आणि मठांतील अध्ययन करणाऱ्यांच्या पायांस लावण्यास तेल मिळावें म्हणून. हें ऐकून आमची कन्या हंसली. “पायांना तेल लावायचं, हेंसुद्धां तांब्यावर कोरून ठेवलं?” असें तिनें विचारलें. मामा म्हणाले, “तेंच कोरून ठेवण्यासारखें आहे, बाळ. लढाया लोक तोंडानेंही सांगतात. दिव्याचें तेल कोठून आलें, हें लिहून ठेवलें नाहीं तर दिवा लागतांक्षणीं विसरतात.”

मामांचें हें बोलणें दिवसभर आमच्या मनांत घोळत राहिलें, आणि परततांना अणुवीजकेंद्राच्या वाटेवर त्याचा खरा अर्थ उमगला. तारापूरच्या दक्षिणेस समुद्राकांठीं हें केंद्र आहे. १९६९ सालीं येथील पहिल्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या आणि भारताचें पहिलें अणुवीजकेंद्र म्हणून तारापूरचें नांव जगांत गेलें. पुढें २००५ व २००६ या सालीं प्रत्येकीं ५४० मेगावॉट शक्तीच्या आणखी दोन भट्ट्या चालूं झाल्या. या नव्या भट्ट्या जड पाण्यावर चालणाऱ्या, वोल्सोंगच्याच जातीच्या. आंत जाण्याची परवानगी नसल्यामुळें आम्हीं दुरूनच पाहिलें. कुंपणापलीकडे झाडांच्या शेंड्यांवर त्या इमारतींचे घुमट दिसत होते. धूर नाहीं, गडगडाट नाहीं. एखाद्या मौनी तपस्व्याप्रमाणें तें सर्व स्तब्ध होतें. मुंबईंत आपण रात्रीं दिव्याखालीं वाचीत बसतों, त्या उजेडांत या तपाचाही अंश असतो.

वाटेंत चहाच्या टपरीवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मामांनीं त्यांच्या शेजारीं बसून विचारलें, “गांव कोणतें, दादा?”

“पोफरण,” ते म्हणाले.

“येथून किती लांब?”

म्हाताऱ्यानें केंद्राच्या दिशेनें हनुवटी उचलली. “तें आतां प्रकल्पांत गेलं. तुम्हीं गांव विचारलंत म्हणून गांव सांगितलं. राहतां कुठं असं विचारलं असतंत, तर नव्या वस्तीचं नांव सांगितलं असतं.”

नव्या दोन भट्ट्यांच्या वेळीं पोफरण व अक्करपट्टी या गांवांना उठावें लागलें, हें आम्ही वाचलें होतें. वाचणें निराळें, आणि ज्याचें गांव गेलें त्याच्या शेजारीं बसून चहा पिणें निराळें. घर मिळालें ना, असें आमच्या कुटुंबानें हळूच विचारलें. “मिळालं ना, ताई. भिंती आहेत, छप्पर आहे. पण होडी ओढून ठेवायला किनारा लागतो. घराचं दार चालत नाहीं.” त्यांच्या आवाजांत कडवटपणा नव्हता. चहाचे पैसे आम्हीं देऊं केले, ते त्यांनीं घेऊं दिले नाहींत. उलट आमचेच चार पेले त्यांनीं आपल्या हिशोबांत धरविले.

परतीच्या गाडींत मामा डोळे मिटून बसले होते, आणि आमच्या मनाशीं दिवसभर पाहिलेल्या गोष्टींचा ताळा चालला होता. या एवढ्याशा पट्टींत किती सत्ता आल्या! राष्ट्रकूट आले, शिलाहार आले, पोर्तुगीजांनीं तट बांधले, मराठ्यांनीं ते फोडले, इंग्रजांनीं गोळ्या घातल्या, आणि आतां आमचें स्वतःचें राज्य अणूच्या पोटांतून वीज काढीत आहे. प्रत्येकानें आपापल्या परीनें या किनाऱ्याकडून कांहीं घेतलें. जें सामर्थ्य घेतें आणि देतें त्याचा हिशोब राहत असेल, तर तो दोन ठिकाणीं नीट राहिलेला आम्हांस दिसला: एक चिंचणीच्या तांब्यावर, आणि दुसरा पालघरच्या स्तंभापाशीं. पहिल्यांत नाव कोणी ठेविली, भात कोणी वाढला, घाणा कोणी दिला, हें लिहिलें आहे. दुसऱ्यांत कोणत्या गांवानें कोणता मुलगा दिला, हें लिहिलें आहे. हजार वर्षांच्या अंतरानें लिहिलेल्या या दोन्ही लेखांचा धर्म एकच, कीं देणाऱ्याचें नांव बुडूं नये.

यास कोणी म्हणेल कीं, पोफरण व अक्करपट्टी यांनीं गांव दिलें नाहीं, तें घेतलें गेलें. मग त्यांस दाते कसे म्हणावें? आक्षेप योग्य आहे. परंतु म्हणूनच त्यांची नोंद अधिक आवश्यक ठरते. जें आपखुशीनें दिलें जातें त्याची आठवण देणारा तरी अभिमानानें ठेवतो. जें मोठ्या कामासाठीं घ्यावें लागतें त्याची आठवण ठेवण्याचा भार घेणाऱ्यावर आणि त्याचा लाभ भोगणाऱ्यांवर पडतो. तो लाभ भोगणाऱ्यांत आम्ही आहों, आणि हा मासिकाचा अंक विजेच्या दिव्याखालीं वाचणारीं कुटुंबेंही आहेत. वीज नको, असें म्हणण्याचा ढोंगीपणा आम्ही करणार नाहीं. घाणा चालला म्हणून देवीपुढें दिवा लागला, हें चामुंडराजाच्या लेखकानें जितक्या साधेपणानें लिहिलें, तितक्याच साधेपणानें आपणही लिहावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

कोरियांतील स्नेह्यांस आम्हीं उत्तर पाठविलें आहे. राजाची समुद्रांतील समाधि आमच्याकडे नाहीं. पण किनाऱ्याच्या रखवालदाराविषयीं विचाराल तर, लोकांना फुकट पार नेणारी एक नाव हजार वर्षांपूर्वीं येथें होती, असें त्यांस कळविलें आहे. आणि वाचकांस एक सूचना करावीशी वाटते. चिंचणीच्या ताम्रपटांचा मराठी सारांश त्या गांवांत एखाद्या शाळेच्या किंवा वाचनालयाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लावावा; आणि त्याच फलकाच्या तळाशीं, आपल्या काळची नोंद म्हणून, अक्करपट्टी व पोफरण हीं दोन नांवें घालावीं. खर्च फारसा येणार नाहीं. उद्यां एखादा मुलगा तो फलक वाचतांना शेवटच्या ओळीपाशीं थांबेल, आणि हीं गांवें कोठें आहेत असें गुरुजींस विचारील. तो प्रश्न विचारला जात राहील तोंवर तीं गांवें पुरतीं बुडालीं नाहींत, असें समजावें.